मदत हवी आहे: एक्स्टर्नल मोडेम 'ओके' म्हणतो, पण डायल टोनच नाही म्हणतो (नागपूर, डायलअपच्या काळातली जुनी चर्चा)

लेआउटवाला:

नमस्कार मंडळी, मोडेममधलं कोणाला कळत असेल तर जरा सांगा, माझं डोकं आता चालत नाही.

आमचं घर बेसा रोडकडे नवीन लेआउटमध्ये आहे, ब्रॉडबँडचा अर्ज टाकून ठेवला आहे पण एक्सचेंज लांब पडते म्हणतात, त्यामुळे सध्या डायलअपच, म्हणजे मोडेम फोनसारखा नंबर लावते आणि त्याच लाइनवरून नेट चालते. मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि कॉम्प्युटरच्या आत बसवलेला इंटर्नल मोडेम गेला. गेला म्हणजे विंडोजला कार्ड दिसते अजून, पण डायल करायला गेलं की एरर ६९२, हार्डवेअरमध्ये बिघाड. बाकी कॉम्प्युटर ठणठणीत आहे, पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. मग ठरवलं की आता एक्स्टर्नलच घ्यायचा, म्हणजे पुन्हा लाइनवरून वीज आली तर मदरबोर्डापर्यंत जायच्या आधी एक डबा तरी मधे राहील, असा माझा हिशेब.

बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मोदी नंबर तीनच्या गल्लीत एक सेकंडहँड मिळाला, ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिटवाला), मागे पंचवीस पिनचं सॉकेट, सोबत केबल आणि अडॅप्टर. सीडी नाही, पुस्तक नाही. दुकानदार म्हणे लावा भाऊ, चालूच आहे. घरी आणून केबलचं मोठं टोक मोडेमला, नऊ पिनचं टोक कॉम्प्युटरच्या मागच्या कॉम पोर्टला (सिरियल पोर्टला), भिंतीवरची फोनची वायर 'लाइन' लिहिलेल्या भोकात आणि फोनचा डबा 'फोन' लिहिलेल्या भोकात लावला. चालू केलं तर एमआरचा (मोडेम रेडी) लाइट लागला. विंडोज मात्र ढिम्म, नवीन हार्डवेअर सापडलं वगैरे काहीच आलं नाही. मग कंट्रोल पॅनेलमध्ये फोन अँड मोडेम ऑप्शन्समध्ये जाऊन शोधायला लावलं तेव्हा 'स्टँडर्ड मोडेम' म्हणून कॉम १ वर सापडला, आणि डायग्नोस्टिक्समध्ये क्वेरी मोडेम केलं तर खाली ओळींमागून ओळी येऊन राहिल्या, ओके पण दिसते. म्हणजे या दोघांचं आपसात बोलणं होऊन राहिलं, असं मी धरून चाललो आहे.

पण कनेक्ट दाबलं की टक असा आवाज येते, मग चार-पाच सेकंद शांतता, आणि एरर ६८०, डायल टोन नाही. आणि त्याच मोडेमच्या मागे लावलेला फोन उचलला तर टोन स्वच्छ! आता सांगा बाप्पा, मले ऐकू येते ते त्याले काहून ऐकू येत नाही?

ड्रायव्हर नाही म्हणून असं होते का? की मोडेमच खराब निघाला? परत करायचा असेल तर लवकर करावा लागते, दुकानदार नंतर ओळख दाखवणार नाही.

---

पुणेरी कीबोर्ड:

अहो, ओरिजिनल ड्रायव्हरशिवाय कुठलंही हार्डवेअर नीट चालत नसतं. मॉडेल नंबर टाका, नेटवर शोधा. नाहीतर सरळ यूएसबी मोडेम घ्या, हे सिरियल पोर्ट वगैरे आता कोणी वापरत नाही.

---

सर्किटभाऊ:

नेट चालत नाही म्हणून विचारून राहिला तो, आणि नेटवर शोधा म्हणता, वा. आणि यूएसबीवाल्यात तर ड्रायव्हरची भानगड जास्तच आहे, काही मोडेमचं अर्धं काम सॉफ्टवेअरच करते.

लेआउटवाला भाऊ, तुमचा मोडेम परत करू नका. सिरियल पोर्टच्या मोडेमला ड्रायव्हर म्हणजे एक छोटीशी फाइल असते, त्यात फक्त कोणता हुकूम केव्हा पाठवायचा ते लिहिलेलं असते. बाकी सगळं मोडेमच्या पोटातल्या चिपमध्ये. म्हणून विंडोजमधला 'स्टँडर्ड ५६००० बीपीएस' निवडला तरी काम भागते. विंडोज ढिम्म राहिलं म्हणता, तर सिरियल पोर्टवर तसंच असते, यूएसबीसारखा फुगा दर वेळी वर येत नाही.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायच्या. कॉम्प्युटर ते मोडेम ही एक आणि मोडेम ते लाइन ही दुसरी. दोन्ही एकदम पाहायला गेलं की माणूस रात्रभर केबलीच बदलत बसते. पहिलीसाठी अ‍ॅक्सेसरीजमधला हायपरटर्मिनल (मोडेमला थेट हुकूम टाइप करायचा प्रोग्राम) उघडा, डायल करायचं नाही, थेट कॉम १ निवडा. खिडकी उघडली की मोडेमवरचा टीआरचा (टर्मिनल रेडी) लाइट लागला पाहिजे. लागला म्हणजे पोर्ट उघडला आणि केबलही सरळ आहे. (दोन कॉम्प्युटर जोडायची नल मोडेम केबल दिसायला अशीच असते, आत तारा उलटसुलट असतात, तिच्यावर हे चालत नाही. तुमची ती नाही, नाहीतर क्वेरीला उत्तर आलंच नसतं.) मग एटी टाइप करून एंटर, ओके आलं पाहिजे. टाइप केलेलं दिसलं नाही तर एटी ई १ द्या. मधे जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत.

आणि तो मेलेला इंटर्नल मोडेम अजून स्लॉटमध्ये आहे का? असेल तर काढा, मोडेमच्या यादीतूनही उडवा. जुनं डायलअप कनेक्शन त्या जुन्या मोडेमला बांधलेलं असते, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कनेक्ट युजिंग' पाहा, नाहीतर उद्या ६३३ (मोडेम वापरात आहे किंवा सेट नाही) नाहीतर ६९२ येईल आणि तुम्ही याच मोडेमला शिव्या द्याल.

अडॅप्टरवर आउटपुट काय लिहिलं तेही एकदा वाचून ठेवा. पुष्कळ एक्स्टर्नल मोडेमना ९ व्होल्ट एसी लागते, डीसी नाही. पिन सारखीच असते, त्यामुळे अडॅप्टर गेला तर लोकं घरातला कोणताही खुपसतात.

---

एक्सचेंजकाका:

सारी नोकरी टेलिफोन खात्यात केली, आता निवृत्त. डायल टोनचं मी सांगतो.

तुझा मोडेम बहिरा नाही, परदेशी आहे. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर मिळून होते. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, आणि त्याच्यावर २५ हर्ट्झचं कंपन चढवलेलं, म्हणून तो आपल्याले जरा घरघरल्यासारखा ऐकू येते. तिकडच्या सेटिंगवर असलेला मोडेम त्याचा टोन शोधते, तो काही सापडत नाही, मग वाट पाहून फोन ठेवून देते. मोडेममध्ये देश बदलायची सोय असते कधी कधी, पण त्या भानगडीत पडायची गरज नाही.

त्याले म्हणायचं, टोनची वाट पाहू नको, सरळ नंबर फिरव. हुकूम आहे एक्स ३. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स' म्हणून रिकामी जागा आहे, तिथे फक्त एक्स ३ लिही, एटी लिहायची गरज नाही. तिथेच दुसऱ्या टॅबवर 'डायल करण्याआधी टोनची वाट पाहा' अशी बरोबरची खूण असेल, ती काढली तरी तेच होते. दोन सेकंद थांबून तो नंबर लावेल. एक्सचेंजचा टोन उशिरा येत असेल तर तुमच्या नेटच्या १७२ वाल्या नंबराच्या आधी एक स्वल्पविराम टाक, आणखी दोन सेकंद थांबते.

आणि हो, तुझा तो डब्याचा हिशेब. वीज मोडेममधून सिरियल केबलनं मदरबोर्डावर जाऊ शकते, डबा मधे आहे म्हणून ती थांबत नाही. वीजबोर्डाच्या बाजूचा स्पाइक गार्ड फोनची लाइन सांभाळत नाही, त्यात फोनच्या वायरीचं वेगळं भोक असेल तरच. आभाळ काळं झालं की भिंतीतून वायर काढून टाकायची, बस.

---

लेआउटवाला:

काका, पाया पडतो. एक्स ३ टाकला आणि पहिल्याच वेळी लागला, ती किर्र टिर्र ऐकून घरातले सगळे येऊन उभे राहिले. सर्किटभाऊ, जुनं कार्डही काढलं, आणि अडॅप्टर ९ व्होल्ट एसीच आहे.

आता दुसरं सुरू झालं आहे. कनेक्ट होते पण २६,४०० दाखवते. माझा मित्र धरमपेठेत राहतो, त्याले ४५ च्या वर मिळते, मोडेम ५६ केच. आणि थोडा वेळ चालते न् पटकन तुटते, कधी पाच मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं, काही नेम नाही. पोर्टचा स्पीड ११५२०० ठेवला आहे तरी.

---

धंतोलीची ताई:

११५२०० हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यातला स्पीड आहे, लाइनचा त्याच्याशी संबंध नाही, तो तसाच राहू द्या.

तुटण्यासाठी आधी घरातच पाहा. पॅरलल फोन (त्याच लाइनवर जोडलेला दुसरा फोन) आहे का? कॉल वेटिंग चालू आहे का? कॉल वेटिंगची ती टुंग वाजली की कित्येक मोडेम फोन ठेवून देतात. आमच्याकडे एस १० रजिस्टर वाढवून भागलं, म्हणजे समोरच्या मोडेमचा आवाज हरवला तरी किती वेळ दम धरायचा ते, सेकंदाच्या दहाव्या भागात. एस १० = ५० लिहिलं की पाच सेकंद धरते. एक्स ३ च्या पुढेच लिहायचं. पण त्यापेक्षा कॉल वेटिंग बंद करून घेतलेलं बरं.

आणि कूलर चालू असताना रिसीव्हर उचलून ऐका बरं, एखादा आकडा दाबून टोन घालवा आणि मग ऐका, गुणगुण येते का. येत असेल तर फोनची वायर कूलरच्या वायरीसोबत गेलेली असेल.

---

लेआउटवाला:

ताई, कूलर बंद करून पाहायचं म्हणाल तर पाऊस पडून उकाडा असा आहे की मोडेमच्या आधी माणूस बंद पडेल :) पण ऐकलं, गुणगुण नाही. खरखर आहे थोडी.

पॅरलल फोन आहे न, वरच्या मजल्यावर, भिंतीतल्या डब्यातूनच वायर फोडून नेली आहे, त्याले कॉलर आयडीचा डबाही आहे. आणि आता लक्षात आलं, आई वरून मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलते तेव्हा तिच्या कानात किंचाळी येते आणि इकडं माझं तुटते. मी खाली ओरडतो, ती वर ओरडते. पण ती झोपल्यावरही तुटते, म्हणजे तेवढंच कारण नाही.

---

एक्सचेंजकाका:

वरची वायर भिंतीतल्या डब्यातून सोड आणि मोडेमच्या 'फोन' भोकातून ने. पुष्कळशा मोडेममध्ये लाइन पकडली की आतला रिले ते भोक तोडून टाकते. मग वरती उचललं तर नुसतं शांत ऐकू येईल, तुझं तुटणार नाही. मोडेम बंद असला की ते भोक सरळ लाइनला जोडलेलं राहते, म्हणजे फोन चालू. मात्र नेट चालू असताना वर घंटी वाजणार नाही, हे आईले आधीच सांगून ठेव, नाहीतर घरात वेगळं महाभारत.

खरखरीसाठी पहिल्या पावसानंतर सगळ्यात आधी सांधे पाहायचे. भिंतीतला डबा उघड, तारा हिरव्या पडल्या आहेत का पाहा, तासून नवीन टोक काढ, स्क्रू कस. बाहेरून वायर जिथे घरात शिरते तिथला सांधा पाहा, नुसती पट्टी गुंडाळलेली असते, पाणी आत जाते. मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाइनवर डीसी ४८ व्होल्टच्या आसपास पाहिजे. फार कमी दाखवलं तर पुढं लाइनमध्ये कुठं तरी ओल आहे, मग तक्रार दे.

धरमपेठेशी बरोबरी करू नको. ५६ के मिळायले नेटवाल्याच्या सर्व्हरपासून तुझ्या एक्सचेंजपर्यंत सगळं डिजिटल पाहिजे आणि शेवटच्या तांब्याच्या वायरीवर एकदाच अ‍ॅनालॉग झालं पाहिजे. नवीन लेआउटांना बरेचदा मधल्या कॅबिनेटमधून, मल्टिप्लेक्सर (एकाच तारेवर पुष्कळ लाइनी चालवणारं यंत्र) लावून लाइनी दिलेल्या असतात, तिथं ते आणखी एकदा बदलते. एकदा जास्तीचं बदललं की मोडेम जुन्या पद्धतीवर येते आणि मग ३३,६०० च्या वर जातच नाही, मोडेम सोन्याचा आणला तरी.

---

लेआउटवाला:

झालं काका. सांधा बाहेरचाच होता, खिडकीच्या वर, पट्टी सोडली तर आत तांबं काळं. भिंतीतला डबाही साफ केला, वरची वायर मोडेममधून नेली. खरखर गेली. आता ३१,२०० दाखवते, कधी ३३,६००, आणि काल रात्री मी स्वतः बंद करेपर्यंत तुटलं नाही. आईनं मधे एकदा उचलला होता म्हणे, शांत आहे म्हणून ठेवून दिला.

शेवटचं विचारतो. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ (विंडोजच्या सुधारणांचा गठ्ठा) टाकायचा आहे, २६६ एमबी आहे. आता लाइन चांगली झाली तर रात्रभर लावून ठेवू का?

---

सर्किटभाऊ:

सेकंदाला ४ केबी धरा, १९ तास होतात, बिल आल्यावर वडील मोडेमसकट बाहेर काढतील. कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत सीडी येतात त्यात मिळते, नाहीतर रविवारी बर्डीवर या, माझ्याकडे आहे, कॉपी करून देतो.