मदत हवी आहे: एलिक्सरमध्ये मेमरीतली स्टेट रीस्टार्टनंतर कशी टिकवायची?

मंडळी, लिलावाचं एक छोटं अ‍ॅप एलिक्सर या प्रोग्रामिंग भाषेत लिहितोय. प्रत्येक लिलावाला एक जेनसर्व्हर (आपली स्टेट, म्हणजे चालू माहिती, मेमरीत सांभाळणारी आणि निरोप एकेक करून हाताळणारी प्रोसेस), बोल्या त्याच्याच स्टेटमध्ये. जुनी स्टेट घ्यायची, नवी परत द्यायची. लॉकची भानगडच नाही. इथवर मजा आहे.

प्रोसेस कोसळली की सुपरवायझर (तिच्यावर लक्ष ठेवणारी प्रोसेस) ती लगेच उभी करतो, पण इनिट या सुरुवातीच्या फंक्शनपासून, म्हणजे बोल्या गायब. ईटीएसमध्ये (मेमरीतल्या टेबलात) ठेवलं तर मालक प्रोसेस मेली की टेबलही जातं. वारस प्रोसेस नेमून तेवढं भागेल, पण डिप्लॉय करताना (नवी आवृत्ती चढवताना) अख्खी बीमच (एलिक्सर चालवणारी व्हर्च्युअल मशीन) बंद होते, मग कसला वारस! टर्मिनेटमध्ये (प्रोसेस बंद होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सेव्ह करण्यावर माझा भरवसा नाही. 'किल -९' (तडकाफडकी बंद करणारा सिग्नल) आला की ते चालतच नाही. डीईटीएसच्या (ईटीएसचं डिस्कवरचं रूप) फाइलला २ जीबीची मर्यादा.

सध्या डोक्यात असं आहे: बोली आधी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इन्सर्ट, मगच स्टेट बदलायची, सुरू होताना सगळ्या बोल्या रिड्यूस करून (एकेक करून जोडत) स्टेट पुन्हा बांधायची. पण शेवटच्या मिनिटाला बोल्यांची झुंबड उडते, तेव्हा प्रत्येक इन्सर्टसाठी जेनसर्व्हर अडून बसणार. बॅचने लिहिता का कोणी? मग 'बोली स्वीकारली' हे उत्तर नेमकं कधी पाठवता? आणि स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्टेटची प्रत) घेता की सगळा लॉग (बोल्यांची नोंद) दर वेळी पहिल्यापासून वाचता?