घर तिनंच का सोडायचं?

दांडियाबाजारची वाचक
या महिन्यात आमच्या बडोद्याच्या वाचनमंडळात एक अनुवादित कादंबरी वाचली. नायिका आठ वर्षं नवऱ्याचा मार खाते. एका पहाटे मुलीला घेऊन निघते, समुद्रकाठच्या अनोळखी गावात बेकरीत काम धरते, आणि शेवटी तिची स्वतःची बेकरी उभी राहते. मंडळात सगळ्यांना शेवट आवडला. मला तो खटकला. मार तिनं खाल्ला, घर तिनं सोडलं, गावही तिनंच सोडलं. तो मात्र त्याच अंगणात बसून चहा पितोय.

आपल्याकडे 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. कलम 17 प्रमाणे घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथं राहण्याचा हक्क आहे. कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट त्याला घराबाहेर काढू शकतात. घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती हक्क मागू शकते, हेही सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं. मग आपल्या मुलींनी गोष्टींमधून फक्त बॅग भरायलाच शिकायचं का?

रावपुऱ्यातली एक
ताई, तुम्ही कलम सांगताय, मी रात्र सांगते. मी 1998 साली बाहेर पडले. तेव्हा हा कायदा नव्हता, पण असता तरी त्या रात्री मी निघालेच असते. दाराला आतून कडी असताना हक्क कुणाला दाखवणार?

त्याआधी सहा महिने पिठाच्या डब्याखाली कागद जमवत होते. मुलाचा जन्मदाखला, माझं बी.ए.चं सर्टिफिकेट, पासबुक. नायिका नाणी लपवते ते प्रकरण वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. निघणं एका रात्रीत होत नाही, हे लेखिकेला कळलंय.

पण पुढचं खोटं आहे. नायिकेला दोन पानांत खोली मिळते. मला चार ठिकाणी एकच प्रश्न आला, ‘मिस्टर कुठे असतात?’ शेवटी मांडवीमागच्या पोळमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, एका बेननी काही न विचारता वरची खोली दिली. सकाळी खाखरे लाटायला जायचे, संध्याकाळी शिकवण्या. आई म्हणत होती, चार दिवस राहा आणि परत जा.

वाडीतले काका
माझं मत इथं आवडणार नाही, तरी लिहितो. माझ्या पुतणीवर हात उचलला गेला होता. दोन्हीकडची माणसं बसलो, जावयाची दारू सोडवली. आज बारा वर्षं संसार नीट चाललाय. या कादंबरीत एकही वडीलधारं माणूस मध्ये पडत नाही. मुलीला बाप हवा की नको, हा प्रश्नही कुणाला पडत नाही. अशानं घरं मोडतात.

रावपुऱ्यातली एक
काका, पुतणीचं भलं झालं याचा मला खरंच आनंद आहे. माझ्यासाठीही तीन बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीनंतर मार वाढला, का तर चार लोकांत इज्जत घालवली म्हणून. तिन्ही वेळा मी त्याच्या शेजारी बसले होते. मला एकटीला बाजूला घेऊन कुणी विचारलं नाही. तुम्ही पुतणीला विचारलं होतंत का?

दांडियाबाजारची वाचक
काका, घर मोडण्याची भीती या गावाला तरी नवी नसावी. सयाजीरावांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 सालीच झाला. देशभर तो हक्क मिळायला 1955 उजाडलं. घर मोडतं ते हात उचलल्यावर. ती निघाली ते नंतर.

निवृत्त वकील
दांडियाबाजारच्या ताईंच्या म्हणण्यात एक मोठी गोष्ट सुटली आहे. कलम 19 खाली नवऱ्याला घराबाहेर काढता येतं, पण घरातल्या बाईला नाही. कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणजे नवरा बाहेर गेला तरी सासू आणि नणंद घरातच असतात. अशा किती आदेशांनंतर सुना स्वतःहून निघून गेल्या, ते मी पाहिलंय.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष सहज जातं.

पण बाहेर पडल्यानं हक्क संपतो, हा समजही चुकीचा. तात्पुरती जिथं राहत असेल तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. आधी जीव वाचवावा. गुजरातेत 181 अभयम या महिला हेल्पलाइनला फोन केला की समुपदेशक गाडी घेऊन येतात. अर्ज नंतर करता येतो.

दांडियाबाजारची वाचक
सासूबद्दलचं मला माहीत नव्हतं. रावपुऱ्याच्या ताई, तुमच्या रात्रीपुढे माझी कलमं तोकडी पडतात, हेही मान्य.

तरी शेवटाबद्दल माझं मत बदललेलं नाही. नायिकेची बेकरी उभी राहिली, फार बरं झालं. पण त्या जुन्या घराचे हप्ते सहा वर्षं तिच्या पगारातून गेले, हे लेखिकेनंच तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. पुढं त्याचा एका ओळीतही उल्लेख नाही. नायिकाही तो हिशेब मागत नाही, आणि आमच्या मंडळातही कुणी मागितला नाही.