भाचीचा पगार येनमध्ये, भाव कसा समजून घ्यावा?

निशिगंध_७२
भाचीला ओसाकात नोकरी लागलीय. महिना २ लाख ४० हजार येन. मी लगेच मोबाइलवर गुणाकार केला, सव्वा लाखाच्या वर रुपये दिसले, पेढे आणले. आमचे बाबा मात्र नाखूश. "एका येनला अख्खा रुपयाही मिळत नाही, असल्या चलनात पगार घेऊन करायचं काय?" तिला इथलं शैक्षणिक कर्ज फेडायचंय. येनचा भाव नेमका कसा बघतात? पैसे कधी पाठवावेत?

नागोयातला_देशस्थ
ताई, बाबांना आधी हे सांगा की येनला सुटे पैसे नाहीत. पूर्वी 'सेन' होते, ते १९५३ सालीच व्यवहारातून गेले. म्हणजे येन रुपयाशेजारी नाही, पैशाशेजारी ठेवून बघायचा. इथे मोठी रक्कम 'मान'मध्ये बोलतात, १ मान म्हणजे १० हजार. भाचीचा पगार २४ मान. एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅमचं. आमच्या हिने यीस्ट तोलायला दहा नाणी डब्यात घालून ठेवलीत, दुसरा उपयोग अजून सापडलेला नाही.

आणि गुणाकार २४ चा करू नका. आयकर, आरोग्य विमा, पेन्शन जाऊन हातात १९-२० मान येतील. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो. त्या महिन्याची पगारचिठ्ठी बघून मी हिशेबनीसाकडे भांडायला गेलो होतो. चूक माझीच निघाली.

भावताव
चलन तगडं की मरतुकडं हे एका नगाच्या किमतीवरून कळत नाही, काल कुठे होतं त्यावरून कळतं. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा दर बांधलेला होता. १९८५ च्या प्लाझा करारावेळी (डॉलर उतरवायला बड्या देशांनी केलेला करार) २४० च्या आसपास, दोन-अडीच वर्षांत तो १५० च्याही खाली. २०११ मध्ये ७५-७६, म्हणजे येन भलताच महाग. आणि जुलै २०२४ मध्ये १६१. म्हणजे येन डॉलरच्या मानाने निम्म्याहूनही कमी मोलाचा झाला.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये १०० येनला साधारण ६६ रुपये पडायचे, जुलै २०२४ मध्ये ५२. घसरण आहे, पण निम्मी नाही. का? तेवढ्या काळात आपला रुपयाही डॉलरमागे ५३ वरून ८३ वर गेला. दोघेही उतारावर, येन जरा जोरात. म्हणून नुसता रुपया-येन बघणाऱ्याला अर्धीच गोष्ट दिसते, दोन्ही डॉलरशी ताडून बघा.

निशिगंध_७२
मग येन वधारेपर्यंत तिने पैसे तिकडेच ठेवावेत का?

भावताव
ते कुणालाच सांगता येत नाही, सांगणाऱ्यापासून लांब राहा. जपानचा व्याजदर मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१ टक्का होता, अमेरिकेचा पाचच्या वर. लोक येन उसने घेऊन डॉलरमध्ये गुंतवत होते, येन विकला जात होता. जुलैअखेर जपानने दर ०.२५ केला, सगळे उसनवार फेडायला धावले, येन उसळला आणि ५ ऑगस्टला निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त आपटला. भल्याभल्यांचे अंदाज तिथे वाहून गेले. हप्ता रुपयात आहे ना? मग दरमहा ठरलेली रक्कम पाठवायची, सहा महिन्यांची गंगाजळी रुपयात ठेवायची.

सुट्टे_द्या
एक भर. 'कमिशन शून्य' पाटीला भुलू नका. मी विमानतळावर भुललो. कमिशन खरंच शून्य होतं, दरातच कापून घेतलं. पाठवताना एकच प्रश्न विचारायचा: १ लाख येन दिले तर खात्यात रुपये किती पडतील? एफबीआयएल ही संस्था संदर्भ दर जाहीर करते, त्याच्याशी ताडून बघा, तो १०० येनचा असतो. माझ्या मेव्हण्याने तो एका येनचा समजून दोन दिवस स्वतःला श्रीमंत मानलं होतं.

निशिगंध_७२
सगळ्यांचे आभार. बाबांना पगार २४ मान असल्याचं सांगितलं. म्हणाले, "मान आहे ना, मग जाऊ दे तिला." पेढा घेतला.