मदत हवी आहे: बॉल पायथनच्या टाकीत खाली काय अंथरावं?

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीसाठी नुकताच बॉल पायथन (अजगराच्या जातीचा साप) घरी आणलाय. अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असतील तर पांढऱ्यावर चटकन दिसतात, म्हणून सध्या टाकीत पेपर टॉवेल अंथरलेत. कायमसाठी काय घालावं, ते ठरत नाहीये.

सीडर नको, एवढं पक्कं. त्याच्या लाकडातल्या सुगंधी तेलांची वाफ सापाला विषारी असते. पाइनचा भुसाही मी टाळणार आहे. दुकानदाराने अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा कीस सुचवला. कॉर्न स्नेकला तो उत्तम, त्यात बोगदे करून साप मजेत राहतो. पण बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला; त्याला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. एवढ्या ओलाव्यात अ‍ॅस्पेनला बुरशी धरते.

म्हणजे उरले नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सायप्रस मल्च (सायप्रस झाडाच्या लाकडाचा-सालीचा चुरा). माझा कल नारळाकडे आहे (कोकणातली माणसं आम्ही!). पण इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते. सारखं पाणी फवारलं आणि वरचा थर ओला राहिला, तर पोटाखालचे खवले सडतील ही भीती वाटते.

खालचा थर दमट आणि वरचा कोरडा कसा ठेवता? थर किती जाड लागतो? बागकामाच्या दुकानातलं सायप्रस मल्च चालतं, की त्यात दुसरं लाकूड मिसळलेलं असतं? आणि उंदीर गिळताना सोबत तुकडे पोटात जाऊ नयेत म्हणून काय करता? ज्यांनी स्वतः बॉल पायथन पाळलाय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.