गुडघ्याची झीज, ग्रेड ३: आधी इंजेक्शन घ्यावं का?

सिडकोकर: आईचं वय ६४, वजन ७८ किलो, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू. एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांची झीज ग्रेड ३ (चारपैकी तिसरा टप्पा). दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेते, जेलने फरक नाही म्हणते. स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. चैत्रात वणीला सप्तशृंगी गडावर जायचं आहे.

फिजिओ_कॉलेजरोड: इंजेक्शनने मांडीत ताकद येत नाही, आणि गुडघा सावरतो तो मांडीचा स्नायू. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती दाबून ५ सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की उंच खुर्चीतून हात न टेकता उठणं. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर आकडा निम्मा करा, पण बंद करू नका. पंधरा दिवसांत सोडून देतात तिथेच घोळ होतो, फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात. काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.

गोळी_जपून: जेल बहुधा कमी पडतंय. हरभऱ्याएवढं लावून उपयोग नाही. १ टक्का डायक्लोफिनॅकचं (वेदनाशामक) जेल गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅमपर्यंत, दिवसातून चारदापर्यंत चालतं. त्या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. पण सोबत गोळी नको. काळजी त्या गोळीचीच वाटते: बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी चालू असेल तर वेदनाशामकाने किडनीवर ताण येतो. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, डॉक्टरांना विचारूनच पुढचं.

हाडवैद्य_नव्हे: इंजेक्शन वाईट नाही, पण आराम काही आठवड्यांचा. मधुमेहात साखर काही दिवस चढते, घरी मीटरवर बघत राहा. तीन महिन्यांच्या आत पुन्हा नको, वारंवार घेतल्यास कूर्चेला (सांध्यातल्या गादीला) इजा होऊ शकते. ग्लुकोसामाइनचे (सांध्यांसाठी विकतात त्या पूरक गोळ्यांचे) पैसे वाचवा. वजन ५ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे २० किलोने हलका होतो. गडावर ट्रॉलीने जा. पायऱ्या आल्याच तर चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा.

सिडकोकर: खाली मांडी घालून पोळ्या लाटते, ते?

फिजिओ_कॉलेजरोड: ओट्यावर, उंच स्टुलावर बसून. भारतीय संडास असेल तर त्यावर कमोडची खुर्ची. एवढं करूनही रात्री झोप मोडत असेल तर सांधेरोपणाचा सल्ला घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, अंदाजपत्रकात ती किंमत वेगळी लिहून मागा.