'कायदेशीर' म्हणजे कुणाच्या कायद्याने?

मीरा_डेन्व्हर
इथे अमेरिकेत, डेन्व्हरच्या मराठी मंडळासाठी एक माहितीपत्रक करते आहे, भारतातून येणाऱ्या आईवडिलांना आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना द्यायला. एका वाक्यावर चार दिवस अडले आहे. आशय असा: कोलोरॅडोच्या कायद्याने 21 वर्षांवरच्या माणसाला गांजा विकत घेता येतो, जवळ ठेवता येतो, देशाच्या कायद्याने तो अजूनही गुन्हा आहे. मी लिहिलं, 'कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, मात्र संघीय कायद्यानुसार बेकायदेशीर आहे.' मंडळातले एक काका वाचून म्हणाले, "अगं, एकच वस्तू दोन्ही कशी असेल? छपाईत काहीतरी चुकलंय." चुकलेलं नाही हे मला त्यांना पटवता आलं नाही.

शब्द नेमका हवा, कारण चूक महागात पडते. 2019 च्या एप्रिलमध्ये नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्याची मुभा असली तरी गांजाचं सेवन, किंवा त्याच्या परवानाधारक दुकानातली नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या वर्तणुकी'च्या आड येऊ शकते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अशा दुकानात हिशेबाची नोकरी धरली होती. घरचे म्हणाले, कायदेशीर आहे ना, मग झालं. वकिलाने समजावल्यावर तिने ती सोडली. 'कायदेशीर' या एका शब्दावर सगळं घर विसंबलं होतं.

जुना_वकील
मीराताई, आधी 'संघीय' काढा. मराठी माणसाला संघ म्हटलं की क्रिकेटचा संघ आठवतो. 'केंद्राचा कायदा' म्हणा, शेंबडं पोरही समजेल.

तत्सम
काका, 'केंद्र' तिथे लागू होत नाही. केंद्र म्हटलं की सगळं तिथून निघतं असा भास होतो. तिथे तेरा राज्यं आधी होती, त्यांनी मिळून संघ केला. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीतही 'राज्यांचा संघ' आहे. आणि 'कायदेशीर' हा अरबी-फारसी जोड कशाला? 'विधिसंमत' लिहा.

जुना_वकील
कायदा, वकील, जामीन, फिर्याद, सगळी मंडळी तिकडूनच आली. चाळीस वर्षं याच शब्दांवर जेवलो. 'विधिसंमत' म्हटलं तर अशिलाला लग्नविधी आठवेल.

वर्धेकर
आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर असतं त्यातला शब्द घ्या ना. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. म्हणजे वर्धा जिल्ह्यात नाही, आमच्याकडे दारूबंदी आहे. नागपूरला जाताना हद्द ओलांडली की पाटी दिसते. लहानपणी बाबांना विचारलं होतं, दारू वाईट तर सरकारला मान्य कशी? ते म्हणाले, मान्य दारू नाही, दुकान आहे.

मीरा_डेन्व्हर
वर्धेकर, तुमच्या बाबांनी केलेला फरक फार कामाचा आहे. पण 'सरकारमान्य' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणतं सरकार?

ऋजुता
मग 'राज्यमान्य, पण केंद्रनिषिद्ध'?

जुना_वकील
'राज्यमान्य' घाईत 'राजमान्य' वाचलं जाईल. माझ्या वडिलांच्या पत्रांवर 'राजमान्य राजश्री' असायचं. गांजाला इतका मान नको.

शोधयात्री
हा पेच फक्त मराठीचा नाही. कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयात एका शब्दावर खटला झाला, कोट्स विरुद्ध डिश नेटवर्क, 2015. हातपाय लुळे पडल्याने चाकाच्या खुर्चीत असलेला माणूस, राज्याच्या परवान्याने औषध म्हणून गांजा घ्यायचा, तोही कामाच्या वेळेबाहेर. 2010 मध्ये चाचणीत सापडला, नोकरी गेली. राज्याचा कायदा सांगतो की कामाबाहेरच्या 'लॉफुल' कृत्यासाठी काढता येत नाही. न्यायालय म्हणालं, 'लॉफुल' म्हणजे राज्याच्या आणि देशाच्या, दोन्ही कायद्यांनी चालणारं. संपूर्ण निकाल त्या एका शब्दावर. माझं मत स्पष्ट आहे: 'कायदेशीर' हा शब्द त्या पत्रकात अजिबात नको. 'राज्याने आपली बंदी उठवली आहे. देशाची बंदी कायम आहे' असं लिहा. मराठीत बंदी घालतात आणि उठवतात, आणि ज्याने घातली तोच उठवतो. राज्य फक्त स्वतःची उठवू शकतं. 2005 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या रेच खटल्यात तर घरी, स्वतःच्या औषधासाठी लावलेल्या रोपांवरही देशाचा कायदा चालतो असं ठरलं.

तत्सम
वाक्य चांगलं आहे. 'बंदी' फारसी आहे, तरीही.

मीरा_डेन्व्हर
शोधयात्री, जवळ आलात. पण राज्याने नुसती बंदी उठवलेली नाही. 2014 च्या 1 जानेवारीपासून विक्री सुरू आहे. राज्य परवाने देतं, तपासणी करतं, कर घेतं. 'उठवली' मध्ये हे येत नाही.

ऋजुता
आणि देशाचं सरकार 'कानाडोळा' करतं. हा शब्दही बसवा कुठेतरी. 2013 मध्ये न्याय खात्याने पत्रक काढलं की राज्यांनी नीट नियम पाळले तर आम्ही मागे लागणार नाही. 2018 च्या जानेवारीत ते मागे घेतलं. मुभा देणारा ती काढून घेतो तेव्हा कागद लागतो. कानाडोळ्याला काहीच लागत नाही, नुसती मान वळवायची. आईवडिलांना हे कळलं पाहिजे.

नागपुरी_संत्रा
मूळ शब्दच चुकलाय! 'गांजा' म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात नुसती पानं गांजात येत नाहीत. पानांची ती भांग, राळेचा तो चरस. अमेरिकेचा 1970 चा कायदा जवळपास सगळंच झाड धरतो. महाशिवरात्रीला आमच्याकडे थंडाईत घोटतात तिला कुणी गांजा म्हणत नाही.

मीरा_डेन्व्हर
हे खरंच महत्त्वाचं आहे. शेजारच्या काकूंनी मुलाच्या रूममेटची गांजा घातलेली जेलीची गोळी खाल्ली, रात्र दवाखान्यात काढावी लागली. त्या म्हणत राहिल्या, "गांजा तर ओढतात ना?" चिलीम डोळ्यासमोर असणाऱ्यांना 'गांजा' शब्दाने चॉकलेट दिसत नाही.

तत्सम
'गांजा' हा 'गांजणे' वरूनच. माणसाला गांजतो तो गांजा.

शोधयात्री
संस्कृतात 'गञ्जा' आहे, मराठी क्रियापदाची गरज नाही. उलट तो शब्द 1845 नंतर आपल्या गिरमिटियांबरोबर, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांबरोबर, जमैकात गेला आणि तिथे रुजला. 'भंग' तर अथर्ववेदात आहे.

ऋजुता
मग केसांचा भांग?

शोधयात्री
तो वेगळा 'भंग', मोडणं या अर्थाचा.

मीरा_डेन्व्हर
शुक्रवारी छपाईला द्यायचं आहे. 'केंद्र' की 'देशाचा कायदा', एवढं तरी सांगा.

वर्धेकर
आजी 'भांगेत तुळस' म्हणायची, वाईट घरातल्या गुणी मुलीला. माझी बायको म्हणते 'तुळशीत भांग' हाच खरा शब्दप्रयोग.

नागपुरी_संत्रा
दोन्ही खरे, अर्थ उलटे. 'तुळशीत भांग' म्हणजे चांगल्या घरात वाया गेलेला. आमच्या आत्याने माझ्या मोठ्या काकांसाठी वापरलेला मी स्वतः ऐकलाय.