पुड्यावर बाईचा फोटो, सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

रानमिरी
आंध्रातल्या अरकू खोऱ्यातल्या कॉफीबद्दल परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं : ‘अडीचशे रुपयांची अरकू कॉफी प्या, तुमच्या प्रत्येक कपामागे एक आदिवासी शेतकरीण स्वतःच्या पायावर उभी राहते.’ खाली लाइकचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. एका कपाला साधारण १८ ग्रॅम भाजलेली पूड लागते. सहा किलो लाल फळांतून जेमतेम किलोभर हिरवी बी निघते, भाजताना तीही घटते. म्हणजे कपामागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम फळ. फळाला किलोला ५० रुपये मिळाले असं धरा. अडीचशेतले सहा-सात रुपये झाडापर्यंत गेले.

तेही कुणाच्या हातात? माझी नणंद कर्नाटकात सकलेशपूरजवळ एका कॉफीच्या मळ्यावर हिशोब बघते. तोडणीच्या दिवसांत मी तिच्याकडे राहिले आहे. बाया कमरेला पोतं बांधून पिकलेली तेवढीच फळं तोडतात, हिरवी सोडतात, त्याच झाडाकडे काही दिवसांनी परत येतात. लाल मुंग्या बाहीतून आत शिरतात. संध्याकाळी वजन होतं आणि वहीत नाव लागतं नवऱ्याचं. फळं दोघांची, खातं एक. ती वही मी पाहिली आहे.

शिक्क्यांचंही तेच. फेअरट्रेड या रास्त भावाच्या शिक्क्यात भावावर दर पौंड वजनामागे २० सेंटचा प्रीमियम (जादा रक्कम) शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे सभासद ठरवतात. सभासद बहुतेक ठिकाणी तोच, ज्याच्या नावावर जमीन. वाळवणीला बसून बी खालीवर करणारी, डागी दाणे निवडणारी बाई त्या सभेत नसते. तिचं नाव जमिनीला आणि खात्याला लागेपर्यंत पुड्यावर ‘महिला शेतकरी’ छापू नका.

कॅफेवाला_पुणे
ताई, उरलेले पैसे आम्ही खिशात घालतो असा तुमचा सूर आहे. जागेचं भाडं, दूध, वीज, पोरांचे पगार कोण देतं? मी चिकमगळूरच्या एका लहान शेतकऱ्याकडून थेट बी घेतो. हंगामाआधी भाव ठरतो, निम्मे पैसे आगाऊ जातात.

आणि अरकूचं उदाहरण चुकीचं उचललंत. पूर्वी तिथले लोक फळं घरी अंगणात वाळवायचे आणि दलाल येईल तो भाव घ्यायचे. संस्था उभ्या राहिल्या, लाल फळ ताजं असतानाच घेऊन एका ठिकाणी धुवून वाळवायला लागले, तेव्हा चव सुधारली. २०१७ मध्ये पॅरिसला दुकान निघालं, २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालं. दर्जा वाढला म्हणून भाव वाढला. गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजलेच नसते तर हे झालं असतं का?

वऱ्हाडी_बाणा
कापूस-सोयाबीन हमीभावाखाली जातं तेव्हा असे धागे कुठे असतात? आमच्या चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. पुण्यामुंबईच्या किती जणांना माहीत आहे? अरकूच्या आदिवासीचं कौतुक आहे, मेळघाटातल्या कोरकू बाईचं नाही. ती पोरं काखेत घेऊन मजुरीला जिल्ह्याबाहेर जाते.

जुना_कार्यकर्ता
रानमिरीताईंचा सातबाऱ्याचा मुद्दा खरा आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करण्याची, हाक दिली तेव्हा आमच्या गावात काहींनी ती पाळली. माझ्या थोरल्या भावानेही केली. वहिनी पहिल्यांदा सोसायटीत कर्जाच्या कागदावर स्वतः सही करायला गेल्या. तिथला माणूस भावाकडे बघून बोलत होता. वहिनींनी त्याला सांगितलं, खातेदार मी आहे. यात कुठल्या कंपनीचा शिक्का नव्हता.

शेतकरीपुत्र
काका, नाव लावा म्हणणं सोपं आहे. वडील गेल्यावर बहिणींची वारसनोंद झाली. चार एकरांचे पाच मालक. पीककर्जाला पाच सह्या, त्यात एक बहीण सुरतला. म्हणून लोक बहिणींकडून हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, करून घेतात. त्यांच्या लग्नात खर्च केला तो काय कमी होता?

घाटावरची
लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. मी राखीपौर्णिमेला माहेरी गेले होते. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, चल, जरा सही करायची आहे. परतताना साडी मिळाली. पुढे तीच जमीन रस्त्यात गेली आणि मोबदल्याचा एक रुपया मला मिळाला नाही. मुलाची फी भरायला मंगळसूत्र गहाण ठेवलं तेव्हा त्या सहीची किंमत कळली.

शेतकरीपुत्र
तुमच्या भावाचा राग माझ्यावर काढू नका. माझ्या बहिणींनी राजीखुशीने दिलं.

घाटावरची
कधी एकटीला बसवून विचारलंत? भाऊ, भावजय आणि आई समोर असताना कुठली बहीण नाही म्हणेल? माहेर तुटेल या भीतीला राजीखुशी म्हणता तुम्ही लोक.

शेतकरीपुत्र
‘तुम्ही लोक’ ही भाषा नको. पोटापुरती जमीन आहे, ती टिकवतोय. बाकी धाकटीला फोन करून विचारेन, तुमच्या सांगण्यावरून नव्हे.

कॅफेवाला_पुणे
आपण कॉफीबद्दल बोलत होतो.

रानमिरी
कॉफीबद्दलच चाललंय. तुमच्या अरकूच्या गोष्टीत एक तुकडा राहिला. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांचा वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. तशा पट्ट्यावर कॉफी लावलेली बाई कागदावरही शेतकरीण आहे. हे संसदेने केलं, तुमच्या गिऱ्हाइकाने नाही.

कॅफेवाला_पुणे
हे मान्य. पण कागद पोट भरत नाही. २००१ मध्ये जागतिक भाव पौंडाला ५० सेंटच्या खाली गेला होता. फेअरट्रेडचा किमान भाव तेव्हा प्रीमियम धरून १.२६ डॉलर होता. ज्यांचा माल त्या भावाने उचलला गेला ते तगले. २०२५ मध्ये अरेबिका (कॉफीची उंची जात) ४ डॉलरच्या वर गेली, म्हणून शिक्का फुकाचा वाटायला लागला. भाव पडला की पट्टा दोघांच्या नावे असूनही दोघं उपाशी राहतील.

रानमिरी
पडत्या भावात किमान भाव कामाचा, हे नाइलाजाने मान्य करते. फक्त त्या भावाने किती माल उचलला जातो तेही सांगत जा. शिक्का असलेल्या संस्थांचाही सगळा माल त्या भावाने जात नाही, उरलेला साध्या बाजारात विकावा लागतो. आता सरळ सांगा, चिकमगळूरला आगाऊ पैसे कुणाच्या खात्यात टाकता?

कॅफेवाला_पुणे
त्याच्याच. धुणं-वाळवणं सगळं त्याची बायको बघते, बी ओली आली तर मी फोनही तिलाच करतो. पुढच्या हंगामाआधी संयुक्त खातं काढा म्हणून सांगेन. तो नाही म्हणाला तर माल घेणं थांबवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.